शेंगदाण्याच्या जटा: एका गिनी पिगची साफसफाई

बसमध्ये असाल, भांडी घासत असाल, नाहीतर मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून हळूच मला ऐकत असाल, जिथे असाल तिथे स्वागत. ज्यांना कानापेक्षा डोळ्यांनी ऐकायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहूनही देतोय. बोललो तसंच ठेवलंय बरंचसं. फक्त रेकॉर्डिंगमध्ये मागे ज्या शिट्ट्या वाजतायत त्या काही लिहिता आल्या नाहीत. त्या कुणाच्या, ते कळेलच.

आज एका साडेसहाशे ग्रॅमच्या प्राण्याबद्दल बोलायचंय. त्याचं नाव शेंगदाणा. शेंगदाणा गिनी पिग आहे. आमच्या सोसायटीतले आजोबा त्याला बघून म्हणाले, "ससा आहे का उंदीर?" दोन्ही नाही आजोबा. नावात पिग आहे, पण डुकराशीही संबंध नाही. मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज डोंगरांतला, उंदरांच्याच कुरतडणाऱ्या मोठ्या खानदानातला, शेपूट नसलेला, पुढच्या पायांना चार-चार आणि मागच्या पायांना तीन-तीन बोटं असलेला प्राणी. तिकडे हजारो वर्षांपूर्वी माणसांनी त्याला पाळलं, तेही खाण्यासाठी. पुढे तो युरोपात गेला, मुलांचा लाडका झाला, आणि मग प्रयोगशाळेत पोचला. रॉबर्ट कॉखनी १८८२ साली क्षयाचा जंतू जगाला दाखवला, त्या कामातही गिनी पिग होते. "आमचा गिनी पिग केला" असं आपण नवीन ॲपचं अर्धवट व्हर्जन गळ्यात पडल्यावर म्हणतो ना, ते तिथूनच आलं.

तर आता गोष्ट.

फेब्रुवारीत एका रविवारी मी साताऱ्याला ताईकडे गेलो होतो. जेवण झालं, हात धुवायला मागच्या बाल्कनीत गेलो. कोपऱ्यात, जुन्या कूलरच्या मागे, पिंजरा. मला आधी वाटलं आत पायपुसणं पडलंय. मग पायपुसण्यानं डोळे उघडले.

लांब केसांचा गिनी पिग होता तो. म्हणजे असायला हवा होता. केसांच्या जटा झाल्या होत्या, आणि त्या जटांत लघवी, लेंड्या, भुसा, सगळं मिळून पत्र्यासारखं कडक झालेलं. मागचा डावा पाय त्या गोळ्यात अडकून पोटाशी बांधल्यासारखा झाला होता. नखं वळून कंकणासारखी गोल. मानेमागे केस गेलेले, तिथे कोंडा आणि ओरखडे. वास तर काय सांगू, डोळे चुरचुरले.

मला राग आला. ताईचा, दाजींचा, भाच्याचा, सगळ्यांचा. मी आत जाऊन म्हणालो, "ताई, हे काय करून ठेवलंय तुम्ही त्याचं?"

ताई पोळ्या झाकून ठेवत होती. वळून म्हणाली, "तूच आणला होतास ना रे?"

आणि विषय तिथेच संपला. कारण हो, मीच आणला होता. दोन वर्षांपूर्वी, भाच्याच्या सातव्या वाढदिवसाला. दुकानातून वीस मिनिटांत घेतला. दुकानदार म्हणाला, "काही लागत नाही साहेब याला. कोबी द्या, पोळी द्या, काहीही खातो." मी पिंजऱ्यावर रिबन बांधली, भाच्याबरोबर सेल्फी काढला, स्टेटसला टाकला आणि पुण्याला परत आलो. त्याला काय खायला लागतं, किती जागा लागते, केस कोण विंचरणार, याचं एक पान मी वाचलं नव्हतं, की ताईला वाचून दाखवलं नव्हतं. लॅपटॉप घेताना मी दीड महिना रिव्ह्यू बघितले होते. जिवंत प्राणी घेताना वीस मिनिटं.

म्हणून इन्स्टावर लिहितात तसं "रेस्क्यू केला" असं मी म्हणत नाही. माझं काम अर्धवट राहिलं होतं, ते पूर्ण करायला घेतलं, एवढंच.

ताईकडे काय झालं असेल हे नंतर लक्षात आलं. दुष्ट कुणीच नव्हतं. आधी पिंजरा हॉलमध्ये होता. मग ताईच्या सासूबाई आजारी पडल्या, घरात येणंजाणं वाढलं, वास येतो म्हणून पिंजरा मागे गेला. मागे गेला म्हणून रोज नजरेला पडेना. नजरेला पडेना म्हणून साफसफाई लांबली. लांबली म्हणून वास वाढला, आणि वास वाढला म्हणून तिकडे जाणं आणखी कमी झालं. खायला रोज मिळत होतं हां. पण कुणी त्याला हातात घेत नव्हतं.

आणि हा प्राणी तक्रार करत नाही. गिनी पिग हे शिकार होणारं जनावर. दुखतंय असं दाखवलं की घारीनं उचललंच. त्यामुळे शेवटपर्यंत सगळं ठीक आहे असं दाखवत बसतो. माझ्या भाषेत सांगायचं तर डॅशबोर्ड हिरवा, आणि सर्व्हर आतून भरलेला. ज्या दिवशी लाल दिवा लागतो त्या दिवशी बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे, ऊन चढायच्या आत, मी त्याला पुण्याला आणलं. पुठ्ठ्याचा खोका, बाजूंना भोकं, खाली जुना टॉवेल, एक मूठ गवत आणि पाण्यासाठी काकडीचे दोन काप. खंबाटकी घाटात मी दोनदा गाडी बाजूला घेऊन खोका उघडून बघितला. तो कोपऱ्यात दगडासारखा. एकही काप खाल्ला नव्हता.

घरी आल्यावर माझी पहिली इच्छा काय असेल? बरोबर. बाथरूम, कोमट पाणी, शाम्पू. आईनं तर बादलीही भरली होती. सुदैवानं त्याआधी डॉक्टरांची वेळ मिळाली. आमचे नेहमीचे डॉक्टर फक्त कुत्री-मांजरी बघतात. त्यांनी सरळ सांगितलं, "मला यातलं कळत नाही, ससे-पक्षी बघणाऱ्यांकडे जा." मला हे आवडलं. मग त्या दुसऱ्या डॉक्टर मॅडमकडे गेलो. त्या पहिलं वाक्य काय म्हणाल्या? "आज आंघोळ घालायची नाही."

का, ते नीट ऐका, कारण अशा वेळी सगळ्यांचा हात आधी पाण्याकडे जातो.

एक, जट भिजली की ती आणखी आवळते, लोकरीसारखी. आतली कातडी ओलीच राहते. दोन, प्रवास, नवीन जागा, नवीन माणसं, त्यात अशक्तपणा. वर थंड पडला तर थेट फुप्फुसांवर येतं. तीन, अंगावर किडे असतील तर खाज इतकी भयंकर असते की जोरात चोळलं तर या प्राण्याला अक्षरशः फीट येऊ शकते. म्हणून आधी तपासणी, मग औषध, मग कात्री, आणि सगळ्यात शेवटी पाणी.

मॅडमनी कातडीचा थोडा खरवडा काढून मायक्रोस्कोपखाली बघितला. खरजेचे किडे होते. हे डोळ्यांना दिसत नाहीत, कातडीत बिळं करून राहतात. त्यावर आयव्हरमेक्टिन, वजनावरून मोजून, दहा-दहा दिवसांच्या अंतरानं तीनदा. हे नाव ऐकून गुरांच्या औषधाच्या दुकानातून आणून अंदाजानं देऊ नका. सहाशे ग्रॅमच्या जिवाला अंदाज परवडत नाही. कुत्र्यांची गोचीडाची पावडर, टी ट्री तेल, डांबरगोळ्या, असलं तर काहीच नको. आणि एक गोष्ट कायम लक्षात ठेवा: पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन ही आपल्या ओळखीची अँटिबायोटिकं गिनी पिगला तोंडावाटे दिली तर त्याच्या आतड्यातले चांगले जंतू मरतात आणि तो दगावतो. घरातली गोळी, भले पाव का असेना, द्यायची नाही.

केस गेलेले गोल चट्टे असतील तर नायटाही असू शकतो, आणि तो माणसाला लागतो. आमचा रिपोर्ट त्या बाबतीत चांगला आला, पण तोवर आम्ही हातमोजे घालूनच त्याला उचलत होतो.

वजन भरलं ६४० ग्रॅम. मोठा नर साधारण ९०० ते १२०० ग्रॅमचा असतो. आणि ते ६४० जटांसकट.

मॅडमनी विचारलं, "व्हिटॅमिन सी काय देत होते?" मी गप्प. तर मंडळी, बहुतेक सस्तन प्राणी व्हिटॅमिन सी स्वतःच्या शरीरात तयार करतात. कुत्रा करतो, मांजर करते, गाय करते. माणूस करत नाही आणि गिनी पिगही करत नाही. १९०७ साली नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रॉलिश या दोघांनी गिनी पिगना नुसत्या धान्यावर ठेवलं, तर त्यांना स्कर्व्ही झाला, म्हणजे खलाशांना व्हायचा तोच रोग. त्यातून पुढे व्हिटॅमिन सीचा शोध लागायला मदत झाली. आणि शंभरहून अधिक वर्षांनी साताऱ्यात आम्ही तोच प्रयोग पोळी-कोबीवर करत होतो. कोबीत थोडं सी असतं म्हणून तो टिकला. पण सांधे दुखत होते, हिरड्या नाजूक झाल्या होत्या, केस निर्जीव. कातडी बरी व्हायला आतून सामान लागतं, ते न देता बाहेरून कितीही घासा, उपयोग नाही. रोजची गरज किलोमागे साधारण १० ते ३० मिलिग्रॅम. मॅडमनी थेंब दिले, आणि रोज ढोबळी मिरचीचा एक काप. हे थेंब पाण्याच्या बाटलीत घालायचे नाहीत, पाण्यात ते लवकर खराब होतं. सरळ तोंडात.

पहिले दोन दिवस आम्ही फक्त दोन गोष्टी बघितल्या. खातोय का? आणि लेंड्या पडतायत का? गिनी पिगचं पोट सतत चालू राहावं लागतं. अर्धा दिवस काही खाल्लं नाही तर ती इमर्जन्सी समजायची. दातही आयुष्यभर वाढतात, म्हणून गवत चघळत राहणं गरजेचं. आहारात मुख्य वाटा गवताचाच.

आता गवत कुठून आणायचं? परदेशी सुकं गवत ऑनलाइन मिळतं, ते मागवलं. येईपर्यंत काय? मॅडम म्हणाल्या, "हरळी मिळते की." हरळी म्हणजे आपल्या गणपतीच्या दूर्वा! मी कोपऱ्यावरच्या फुलवाल्या मावशींकडून रोज जुड्या घ्यायला लागलो. सवय नसल्यानं आधी थोड्या, मग वाढवत. स्वच्छ धुवून, कोरड्या करून. चौथ्या दिवशी मावशींनी विचारलं, "दादा, तुमच्याकडं रोजच संकष्टी असते का?"

तिसऱ्या दिवशी कात्री.

माझ्या डोक्यात होतं की एका शनिवारी बसू, दोन तासांत संपवू. मॅडमनी सांगितलं, एका वेळी दहा मिनिटं, दिवसातून दोनदा. बस. त्यापुढे तो घाबरून थिजतो, आणि थिजलेला प्राणी शांत आहे असा आपला गैरसमज होतो.

पद्धत सांगतो. आई पलंगावर बसायची, खाली बसणं चांगलं, कारण हातातून सुटला तर उंचावरून पडून हाडं मोडतात. मांडीवर टॉवेल, त्यात तो, छाती आणि मागचा भाग दोन्हीकडून आधार. समोर कोथिंबिरीची काडी. मी कापायला.

गिनी पिगची कातडी फार पातळ. जट ओढली की कातडी तंबूसारखी वर येते, आणि आपल्याला वाटतं आपण केस कापतोय. तिथेच लोक चुकतात आणि कातडी कापली जाते. म्हणून आधी बारीक दातांची फणी जट आणि कातडी यांच्या मधे सरकवायची. ती सरकत असेल तरच फणीच्या वरच्या बाजूला, टोक बोथट असलेल्या लहान मुलांच्या कात्रीनं कापायचं. सरकत नसेल तर कात्री लावायचीच नाही. तिथे लहान बाळांच्या केसांचं, कमी आवाजाचं ट्रिमर, कातडी दोन बोटांनी ताणून धरून. माझं दाढीचं ट्रिमर चालू केल्याबरोबर तो असा दचकला की आईनं मलाच झापलं, "अरे, तुझ्या दाढीचं त्याला कशाला?" मग नवीन आणलं. ट्रिमरचं पातं तापतं, दर मिनिटाला स्वतःच्या मनगटाला लावून बघायचं. मोठी जट एकदम सोडवायची नाही. आधी तिचे उभे तुकडे करायचे, मग एकेक.

पहिल्या दिवशी रुपयाएवढी जागा मोकळी झाली. खाली लालभडक, ओलसर कातडी. मॅडम म्हणाल्या होत्या की वेळेत आणलंत. अशा ओल्या, घाण जागेत माशी अंडी घालते आणि एका दिवसात अळ्या होतात. मग त्या जिवंत कातडी खातात. उन्हाळा-पावसाळ्यात हे फार पटकन होतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी डाव्या पायाची जट सुटली. आईनं त्याला टॉवेलवर ठेवलं. तो थोडा वेळ तसाच पाय दुमडून बसला, त्याला कळलंच नाही की पाय मोकळा झालाय. मग त्यानं तो हळूच मागे ताणला. पूर्ण ताणला. परत घेतला, परत ताणला. आई काही बोलली नाही, उठून स्वयंपाकघरात गेली. मी कापलेल्या जटा गोळा करून स्वयंपाकाच्या काट्यावर ठेवल्या. चार दिवसांच्या मिळून ३८ ग्रॅम. हसू नका, हिशोब करा. साठ किलोच्या माणसाच्या अंगावर साडेतीन किलोचं ओलं, घाण ब्लँकेट. रात्रंदिवस. काढता न येणारं.

मग नखं. वळलेलं नख एकदम मुळापासून कापायचं नसतं. नखाच्या आत रक्तवाहिनी असते, आणि नख वाढलं की तीही लांब होते. टोकाचं थोडं कापायचं, दहा दिवस थांबायचं, रक्तवाहिनी मागे सरकते, मग आणखी थोडं. पांढऱ्या नखात ती गुलाबी दिसते. काळ्या नखात दिसत नाही, तिथे मागून मोबाइलचा टॉर्च धरायचा. तरी एकदा माझ्याकडून जास्त कापलं गेलं, रक्त आलं. चिमूटभर कॉर्नफ्लॉवर दाबून धरलं, थांबलं. त्यानं आवाजही केला नाही. तेच मला जास्त लागलं.

तळपायांना सूज होती, तारेच्या जाळीवर उभं राहून. त्यामुळे नवीन जागेत खाली जाळी नाही, तर जाड टॉवेल आणि त्यावर फ्लीसचं कापड, रोज झटकायचं, तीन दिवसांनी बदलायचं. फिनेलचा उग्र वास त्यांना सोसत नाही. ट्रेला लघवीचे पांढरे थर बसतात ते व्हिनेगर-पाण्यानं निघतात.

आणि शेवटी, बाराव्या दिवशी, आंघोळ. भर दुपारी, पंखा बंद, खिडक्या बंद. टबमध्ये तळाला नॅपकिन, म्हणजे पाय घसरत नाहीत. पाणी दोन बोटं, कोमट, मनगटाला गरमही नाही आणि गारही नाही असं. डोकं अजिबात भिजवायचं नाही, फक्त मागचा भाग, कपानं हळूहळू. शाम्पू डॉक्टरांनी दिलेलाच, आपला नाही. पाच मिनिटांत बाहेर, टॉवेलमध्ये, मग दुसऱ्या कोरड्या टॉवेलमध्ये, मग ड्रायर सगळ्यात कमी गतीवर, लांबून, मधे आपला हात धरून. मुळापर्यंत कोरडा होईपर्यंत सोडायचं नाही. पूर्ण आंघोळ हा नेहमीचा कार्यक्रम नाही. नीट जागा असेल तर वर्षात एखाद-दोनदाही पुरते.

एक गोष्ट मात्र आम्हाला नवीन होती. जिथे शेपूट असायला हवी तिथे त्यांना एक तेलग्रंथी असते, नरांमध्ये जास्त. तिथे काळं, चिकट मेण साचलं होतं. पाण्यानं निघेना. उपाय काय, तर खोबरेल! थोडं लावायचं, पाच मिनिटं मुरू द्यायचं, मऊ कापडानं टिपायचं, मग तेवढाच भाग धुवायचा. आई म्हणाली, "बघ, शेवटी आमचीच डबी कामाला आली." कान मात्र फक्त बाहेरून पुसायचे, आत काडी घालायची नाही. नर असेल तर मागच्या पिशवीसारख्या भागात कधीकधी केस आणि घाण अडकते. ते कसं काढायचं हे व्हिडिओ बघून नाही, डॉक्टरांकडून एकदा समोर शिकून घ्या.

हे सगळं होत होतं, पण तो गप्प होता. मी वाचलं होतं की गिनी पिग फार बोलके. फ्रिज उघडला, पिशवी वाजली की शिट्टी मारतात. आमच्याकडे दोन आठवडे काही नाही. खायचा, लपायचा, बघत बसायचा. मला वाटलं, हा विसरलाय. किंवा त्याला इतके दिवस कळून चुकलंय की शिट्टी मारून कुणी येत नाही.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी मी कॉलवर होतो. रोजचा स्टँडअप. माझी पाळी आली, म्यूट काढलं, "काल मी..." म्हणालो आणि त्याच वेळी आईनं स्वयंपाकघरात कोथिंबिरीची पिशवी उघडली. मागून कुकरसारखी शिट्टी. पुन्हा एक. पुन्हा एक. मॅनेजर म्हणाले, "काय चाललंय?" मला बोलता येईना. मी फक्त म्हणालो, "सर, दोन मिनिटं," आणि कॅमेरा बंद केला.

पाडव्याला ताई आणि भाचा आले. तोपर्यंत वजन ८१० झालं होतं. जटा नसताना हां. केस बोटभर वाढले होते, फक्त मानेमागचे दोन चट्टे भरले नव्हते. भाचा दारातच थांबला. मला म्हणाला, "मामा, तो माझ्यावर रागावलाय का?"

मी खोटं सांगू शकलो असतो. म्हणालो, "मला माहीत नाही रे. तू खाली बस, कोथिंबीर धर, बघू." तो बसला. दहा मिनिटं बसला, हलला नाही. मी उन्हाळ्यासाठी आडवा माठ ठेवलाय, सत्तावीस-अठ्ठावीस अंशांपुढे त्यांना उष्माघाताची भीती असते, तर त्या माठातून शेंगदाणा बाहेर आला, काडी ओढली आणि परत माठात पळाला. भाचा म्हणाला, "म्हणजे येतो." मग मी त्याला फणी कशी धरायची ते शिकवलं.

ताई तोवर काही बोलली नव्हती. रात्री भांडी आवरताना म्हणाली, "मला दिसत होतं रे. रोज दिसत होतं. आज करू, उद्या करू. मग इतकं झालं की हात लावायची लाज वाटायला लागली." मी म्हणालो, "ताई, मी तर दोन वर्षांत एकदाही विचारलं नाही, कसा आहे म्हणून." ती म्हणाली, "बरं, ते पातेलं दे इकडे."

शेंगदाणा पुण्यातच राहणार, हे भाच्यानंच ठरवलं. दर रविवारी मी त्याला वजन कळवतो, तो वहीत लिहितो. आता एक काम बाकी आहे. हा प्राणी कळपात राहणारा, एकटं ठेवणं त्याला बरं नाही. स्वित्झर्लंडमध्ये २००८ पासून नियमच आहे की गिनी पिग एकटा पाळायचा नाही. म्हणजे शेंगदाण्याला सोबती हवा. पण आधी औषधाचा कोर्स, मग पूर्ण तपासणी, आणि नवीन येणाऱ्याला काही दिवस वेगळं ठेवणं. आणि ते पाच ते सात वर्षं जगतात, कधी आठ. माझी नोकरी, बदली, पुढेमागे लग्न, या सगळ्यात त्यांचं काय, हे आम्ही तिघं-चौघं बसून आधी लिहून काढतोय. यावेळी वीस मिनिटांत नाही.

तुमच्यासाठी दोनच गोष्टी. कुणाला वाढदिवसाला जिवंत प्राणी भेट देऊ नका. द्यायचाच तर आधी घरातल्या मोठ्यांशी बसून बोला आणि नंतर दर महिन्याला विचारत राहा. आणि तुमच्याकडे गिनी पिग, ससा, कासव, काहीही मागच्या बाल्कनीत असेल, तर आज त्याला हातात घ्या. उलटं करून पोट बघा, पाय बघा, नखं बघा. वास येत असेल तर लाज बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना फोन करा. ते रागावणार नाहीत. आमच्या मॅडम रागावल्या नाहीत.

चला, थांबतो. शिट्ट्या सुरू झाल्यात, कोथिंबिरीची वेळ झाली. पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या.